चार कढयांचे सिनेमे

आधी अक्कांचं सांगते, सिनेमांचं मागून. यंदा मी जे सिनेमे शेवटापर्यंत पाहिले ते अक्कांमुळं पाहिले आणि या गावात वर्षभर टिकले तीही त्यांच्यामुळंच. अक्का माझ्या नात्यातल्या नव्हेत. वाशी तालुक्यात ज्या खव्याच्या भट्टीवर मी कामाला आहे, तिथं माझ्या शेजारच्या कढईवर त्या बसतात. वय पंचावन्नच्या आसपास. माहेर सास्तूरच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या कडेला, त्यामुळं माहेरची भाषा कानडी आणि सासरची मराठी. कपाळाला विभूती, कमरेला फोन.

हे लिहायला बसायचं कारण माझी भाची. ती तिकडं गोंदियाला कॉलेजात शिकते. परवा तिचा निरोप आला, की मावशी, यंदाचे तुझे आवडते सिनेमे कोणते ते कळव, आम्ही मैत्रिणी सगळ्यांच्या याद्या करतोय. मला आधी हसू आलं आणि मग नेहमीसारखी धाकधूक सुरू झाली. मला एकाही सिनेमाचं नाव सांगता येत नव्हतं. नावं कानडीत होती आणि अक्कांनी ती कधी सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. आमच्यात सिनेमाला नाव नसतं, माप असतं. हा तीन कढयांचा, तो चार कढयांचा.

माप कसलं ते सांगते. भट्टीवर सकाळी दूध येतं, मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून. ते मोठ्या लोखंडी कढईत ओतायचं, खाली बाभळीची लाकडं नाहीतर तुराट्या, आणि हातात लांब दांड्याचं उलथनं. दूध आटून खवा होईपर्यंत ते उलथनं थांबवायचं नाही. एक कढई उतरायला पाऊण तास तरी लागतो. पहिली तीस मिनिटं सोपी असतात. हात फिरत राहतो, माणूस बोलू शकतो, ऐकू शकतो, मधूनच फोनकडं बघूही शकतो. शेवटी दूध घट्ट व्हायला लागतं, त्याला आम्ही खवा धरला म्हणतो. तेव्हा मान वर करायची नाही. तेवढ्यात लक्ष गेलं तर खाली लागतो, आणि एकदा खाली लागलेला खवा वरून कितीही पांढरा दिसला तरी त्याचा वास लपत नाही.

अक्कांची लेक कलबुर्गीला दिलेली आहे. तिनं आईला फोनवर कानडी सिनेमे कसे लावायचे ते शिकवलं होतं. अक्का फोन दुधाच्या किटलीला टेकवून ठेवायच्या आणि सिनेमा चालू असताना मला मराठीत सांगत राहायच्या. त्यांचा नियम एकच होता. खवा धरला की सिनेमा बंद. कढई उतरवून दुसरी चढवली की पुन्हा चालू. म्हणून तीन कढया, चार कढया.

आता माझा रोग सांगते. सिनेमा मला लहानपणापासून लई आवडतो, पण एकही सिनेमा मी शेवटापर्यंत पाहिलेला नव्हता. पडद्यावर कुणाच्या जिवाला धोका दिसला, कुणी खोटं बोलून आता सापडणार असं वाटलं, की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी उठते. पाणी प्यायला जाते, कडी नीट लागली का बघते, अंगणात जाऊन उभी राहते. परत येते तेव्हा लोक डोळे पुसत नाहीतर हसत उठलेले असतात. सिनेमांचंच नाही, सगळ्याचंच तसं. सातवीनंतरची शाळा सागाच्या जंगलापलीकडं होती. एक दिवस अर्ध्या वाटेवर झुडपात काही खसफसलं, मी माघारी फिरले आणि पुन्हा गेलेच नाही. शिवणक्लास काजं करण्यापर्यंत. नर्सबाईंकडं मदतीला लागले ती पहिली सुई बघेपर्यंत. माहेरी मला अर्ध्यावरची म्हणतात. वाईट हेतूनं नाही, पण म्हणतात.

नवऱ्याला इकडं पवनचक्क्यांवर राखणदाराचं काम मिळालं तेव्हा थोरली बहीण मला बसवर सोडायला आली होती. ती म्हणाली, "दिवाळी ते दिवाळी. त्याच्या आत परत दिसलीस तर दार उघडणार नाही." ती हसत होती, पण मला माहीत होतं की बसमधले बाकीचे लोक सोडले तर त्या वाक्यावर कुणालाच हसू येण्यासारखं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, एवढं एक वर्ष पुरं करायचं. बाकी काही नको.

आल्यावर पहिल्यांदा इथलं काहीच ओळखीचं वाटेना. आमच्या गोंदियाकडं तळी, भातखाचरं, जिकडंतिकडं झाडं. इथं उघडा माळ, त्याच्यावर पवनचक्क्या आणि ताटात भाकरी. मी भात मागितला की भट्टीवरच्या बायका म्हणायच्या, आज कुणाची तब्येत बरी नाही? माझं बोलणंही त्यांना हसू आणायचं. तरी काम जमत होतं. नवी म्हणून मालकीणबाईंनी मला अक्कांच्या शेजारी बसवलं होतं.

पहिल्याच महिन्यात विहिरीचा सिनेमा आला. दोन भाऊ, बांधावर एक विहीर. गाळ काढायला धाकटा दोराला धरून आत उतरतो आणि वर थोरला उभा असतो, ज्याचं त्याच्याशी दोन वर्षं बोलणं नाही. अक्का रंगून सांगत होत्या. सांगता सांगता इतक्या रंगल्या, की खवा धरला तरी सिनेमा बंद करायचं त्यांनाही भान राहिलं नाही. दोर तुटला. मी विचारलं, वाचला ना? अक्का सरळ म्हणाल्या, "न्हाय गं. गेला तो."

माझा हात थांबला. किती वेळ थांबला ते मला माहीत नाही. वास आला तेव्हा अक्कांनी झेप घालून माझी कढई उतरवली, पण तोवर तळाला तपकिरी पापुद्रा धरला होता. मी तोंडात पदर धरून रडत होते, करपलेल्या खव्यासाठी नाही, त्या धाकट्या भावासाठी. मालकीणबाई आल्या, त्यांनी चिमूट नाकाशी नेली आणि आवाज न चढवता सांगितलं, की एक कढई कुणाचीही जाते, दुसरी गेली तर मात्र दुसरीकडं काम बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीवर गेलेच नाही. खोलीत पिशवी भरत बसले. दुसरी कढई कधीतरी जाणारच, मग हाकलून देईपर्यंत कशाला थांबायचं, असा माझा हिशेब. वाईट घडायच्या आधी निघून जाणं हे मला फार चांगलं जमतं. दारात अक्का उभ्या. पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कुंद्रु."

मला कळलं नाही. त्यांनी बोटानं जमीन दाखवली. कुंद्रु म्हणजे बस. मी शिकलेला पहिला कानडी शब्द. मी बसले. त्यांनी पिशवीतून एकेक लुगडं काढून परत दोरीवर टाकलं आणि दूध येऊन पडलंय, चल, एवढंच बोलल्या. वाटेत म्हणाल्या की चूक त्यांचीच होती, नियम त्यांनी मोडला. आता असले सिनेमे लावणार नाहीत. हसायचे लावतील.

आणि खरंच हसायचे लागले. भाचे, आता तुझी यादी सुरू होते.

सगळ्यात वर सनईवाल्याचा सिनेमा. तीन कढया. लग्नात सनई वाजवणारा म्हातारा, त्याचे पुढचे दात पडतात आणि फुंक निसटायला लागते. गावातली पोरं म्हणतात, सनई वाजतेय का सायकलची हवा जातेय? मग तो जाऊन कवळी बसवून घेतो. एका वरातीत ऐन भरात जोराची फुंक मारतो आणि कवळी सुटून नवरदेवाच्या हारात अडकते. नवरदेवाला कळत नाही, बाकी सगळ्या वरातीला कळतं. अक्कांना ते सांगताना इतकं हसू येत होतं की मला दोन्ही कढया हलवाव्या लागल्या, उजव्या हातानं माझी, डाव्या हातानं त्यांची.

दुसरा, फणसाच्या झाडाचा. शेजारणी-शेजारणी, मधल्या भिंतीवर वाकलेलं फणसाचं झाड, आणि फळ कुणाच्या बाजूला पडलं यावरून दहा वर्षांचं भांडण. त्या दोघी एकमेकींना जे टोमणे मारतात ते अक्कांनी मराठीत आणले तेव्हा भट्टीवरच्या सगळ्या बायका हात चालू ठेवून ऐकत होत्या. "तुझ्या फणसाला तुझ्यापेक्षा कमी काटे हायेत," हे वाक्य तर नंतर महिनाभर आमच्यात चाललं. शेवटी दोघी एका पायरीवर बसून एकच फणस फोडतात, हाताला तेल लावून. मला तो शेवट इतका आवडला की मी त्या दिवशी बहिणीला फोन करून अख्खा सिनेमा सांगितला.

तिसरा, घरगुती सिनेमा. चार कढया. मोठं घर, नवी सून, आणि माळ्यावरून रोज ठकठक आवाज. अक्कांनी सांगितलं की थोरली जाऊ माहेरी पाठवायला चोरून मिरच्या कांडतेय. मधेच पैंजण वाजायचे. "ती शेळी हाय, माळ्यावर बांधलेली." एकदा जिवाच्या आकांतानं किंकाळी आली. मी दचकले. "डोळ्यात गेली मिरची," अक्का म्हणाल्या. नजर कढईत असल्यामुळं मला चित्र कमी आणि आवाज जास्त मिळायचा. पांढरी साडी नेसलेली, केस सोडलेली एक बाई मात्र मला ओझरती दिसली, तेव्हा अक्का म्हणाल्या की सासू न्हाऊन आलीय. मी पोट धरून हसले. शेळीनं शेवटी सगळी मिरची खाल्ली आणि सासवासुनांचं जमलं.

हे सगळं मजेत चाललं होतं. कढया उतरत होत्या, माझी एकही लागली नाही. मी महिने मोजत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा सिनेमे शेवटापर्यंत ऐकत होते.

श्रावणात मालकीणबाईंच्या घरी धाकटी सून आली. नवी नवरी, अजून गावात कुणाशी ओळख नाही. मला तिच्यात मीच दिसले. तिला एकटं वाटतंय म्हणून मी तिला आपणहून सांगितलं, की एक घरगुती सिनेमा आहे, माळ्यावर शेळी असते, हसून हसून पुरेवाट होते, टीव्हीवर हिंदीत मिळतो का बघा. नाव नव्हतं, पण मोठं घर, माळा आणि पैंजण एवढ्यावर तिनं शोधला, आणि मिळाला. पंचमीच्या दुपारी मालकीणबाई, त्यांची सून आणि शेजारच्या चार बायका झोक्यावरून येऊन टीव्हीसमोर बसल्या, हसायच्या तयारीनं.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर आले तर सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मालकीणबाईंनी विचारलं, शेळी कुठं होती गं त्यात? मी म्हणाले, माळ्यावर. त्या म्हणाल्या की माळ्यावर त्यांना शेळी दिसली नाही, गळफास घेतलेली बाई दिसली. त्यांची सून रात्रभर नवऱ्याचा शर्ट धरून झोपली होती आणि शेजारची एकजण सिनेमा अर्धा टाकून घरी गेली ती अंगाऱ्याची पुडी घेऊनच परत आली.

 मला वाटलं, झालं, आता कढई न करपताच काम जाणार. पण नवी सून मागून आली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. म्हणाली, किंकाळी आली की सासूबाई म्हणायच्या, थांबा, आता शेळी येईल. मग सगळ्याच हसल्या. त्या दिवसापासून मला भट्टीवर शेळीवाली हे नाव पडलं, आणि अर्ध्यावरचीपेक्षा ते मला बरं वाटलं.

अक्का मात्र कढईत बघत होत्या. सगळ्या पांगल्यावर मी विचारलं.

"अक्का, तुम्ही मला खोटं सांगत होता?"

"खोटं न्हाय." त्यांनी एक लाकूड आत सारलं. "दूध उतू यायला लागलं की आपण पाण्याचा हबका मारतो का न्हाय? त्याला कुणी भेसळ म्हणतं का?"

मग एकेक निघालं. फणसाच्या सिनेमात त्या दोघी कधीच एका पायरीवर बसत नाहीत. एक घर विकून निघून जाते आणि दुसरी पिकलेल्या फणसाकडं बघत राहते. सनईवाल्यात काही बदललं नाही, असं अक्का शपथेवर सांगतात. माझा अजून पूर्ण विश्वास नाही. मला राग आला होता का? थोडा आला होता. इतके महिने मी शेवट बघतेय म्हणून खूश होते, आणि ते शेवटच नव्हते. पण मला असंही दिसलं की माझ्यासाठी कुणीतरी दुधाकडं लक्ष ठेवून, हात चालू ठेवून, एका भाषेतून दुसरीत सांगता सांगता नवा शेवट रचत होतं. तेही रोज. सातवीतल्या मास्तरांनी माझ्यासाठी एवढी मेहनत घेतली असती तर मी जंगल ओलांडलं असतं.

मी म्हणाले, "पुढचा सरळ सांगा. जसा आहे तसा."

"आन तू उठून गेलीस तर?"

मी यावर दोन महिने विचार केला. आणि मला सुचलं ते आमच्या नियमाच्या उलटं होतं. सिनेमाचा शेवट आम्ही बघायचो तो त्याची शेवटची कढई उतरवल्यावर, रिकाम्या हातानं. रिकाम्या हातानंच तर मी उठते. कढईत खवा धरायला लागलेला असताना उठताच येत नाही. म्हणून मी अक्कांना सांगितलं, की शेवट असा लावू, की तो खवा धरताना यावा.

 दिवाळी आठ दिवसांवर आली होती. पेढेवाल्यांची मागणी इतकी, की भट्टीवर बसायला जागा नव्हती. माझं वर्षही तेव्हाच पुरं होणार होतं, आणि दुसरी कढई गेली तर काय, ते मालकीणबाईंचं वाक्य मी एक दिवसही विसरले नव्हते.

"लागला म्हंजे?" अक्का म्हणाल्या.

"लागला तर गेले."

"तू कशाला एकटी जातीस? लागला तर दोघींचा लागला."

तो फाटकवालीचा सिनेमा होता. चार कढया पुऱ्या. रेल्वेच्या फाटकावर एक बाई कामाला आहे. नवरा पंधरा वर्षांपूर्वी याच रुळावरून गाडीत बसून गेला. ती रोज फाटक लावते, हिरवं निशाण धरते आणि जाणाऱ्या डब्यांच्या खिडक्या बघते. आता तिथं पूल होणार आहे, फाटक बंद होणार आहे. पहिल्या तीन कढयांत मी चारदा विचारलं, येतो ना तो? अक्का दर वेळी म्हणायच्या, "मला काय म्हाईत, मी बी पयल्यांदाच बघतीय."

चौथी कढई धरायला लागली. आत गोळा यायला लागला, कढईत आणि माझ्या पोटातही. फोनमधून गाडीचा आवाज आला. फाटकावरची शेवटची गाडी. मी मान वर केली नाही. उलथनं तळाला घासून फिरवत होते, काठावरचं खरवडून आत घेत होते. अक्का एकाच सुरात सांगत होत्या, आवाज न हलवता. पहिला डबा गेला. दुसरा गेला. खिडकीत एक माणूस दिसतोय, न्हाय, तो न्हाय. शेवटचा डबा गेला.

मला उठायचं होतं. पाणी प्यायचं होतं, कडी बघायची होती, सगळं जंगल माझ्या मागं उभं होतं. हात फिरत राहिला.

"न्हाय आला," अक्का म्हणाल्या. मग तशाच सुरात, "ती घरी गेली. निशाण घडी करून नेलंय. आता कात्री घेतीय. त्या निशाणाचं झबलं शिवतीय, नातीला. हिरवं. नातीनं घातलं. संपला."

मी कढई उतरवली. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं होतं, ते खांद्याला पुसलं, खव्यात पडू दिलं नाही. मालकीणबाई फेरी मारत आल्या. त्यांनी चिमूट घेऊन अंगठ्यावर चोळली, नाकाशी नेली आणि विचारलं, कुणाची कढई ही? अक्कांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मालकीणबाई म्हणाल्या, हिचा खवा कुंथलगिरीच्या पेढ्याला वेगळा काढा. आणि जाता जाता, शेळीवाली रडतेय कशाला?

मी म्हणाले, मिरची गेली डोळ्यात.

दिवाळीला मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, आता उघडते दार, ये. मी म्हणाले, येईन, पण चार दिवसांसाठी, परत जायचंय.

तर भाचे, तुझ्या यादीत लिही. एक, फाटकवाली. हा मी खऱ्या शेवटासकट पाहिला म्हणून पहिला, वर सनईवाला म्हणाले होते ते खोड. दोन, सनईवाला. तीन, शेळीवाला घरगुती सिनेमा. चार, फणसाचा, पण शेवट अक्कांचा धर, तेल लावून फणस फोडायचा. तो कुठल्याही फोनवर मिळणार नाही. विहिरीचा सिनेमा मी पुन्हा कधी पाहणार नाही, तरी तोही लिही. तो नसता तर बाकीचे नसते.

अक्कांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरलाय असं डॉक्टरांनी सांगितलंय. दुसरा अजून चांगला आहे, आणि ऑपरेशननं पहिलाही होईल, तरी माझी धाकधूक आहेच. मी आता रोज त्यांच्याकडून दहा कानडी शब्द घेते. मुंदेनातु, म्हणजे पुढं काय झालं, हे विचारायला शिकलेय. अक्का, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून लिहिते. जेव्हा तुमचा हात उलथन्यावर थकेल आणि फोनकडं बघावंसं वाटणार नाही, तेव्हा तुम्ही निवांत बसायचं. मी दोन्ही कढया हलवीन आणि तुमच्या भाषेतला सिनेमा तुम्हाला माझ्या भाषेत सांगीन, पहिल्यापासून शेवटापर्यंत, मधे एकदाही न उठता. तुम्ही फक्त मुंदेनातु विचारायचं. शेवट जसा असेल तसा सांगेन. उतू यायला लागलाच, तर पाण्याचा हबका मारायला मी तुमच्याकडूनच शिकलेय.